यादीतली पळी

"जबरदस्ती कुठे आहे? बोट लावा आणि दुसरा घ्या!" मोठ्या कंपनीचा वकील दिल्लीतल्या सुनावणीत असं म्हणाला. म्हणाला इंग्रजीत, पण अर्थ हाच. मला वाटलं, उठावं आणि त्याच्यासमोरचा पाण्याचा ग्लास त्याच्याच अंगावर ओतावा. आमच्या वकीलबाईंनी टेबलाखालून माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. त्या अंधेरीच्या, चांगल्या मुरलेल्या. अशिलाचा चेहरा बघून पुढचा तमाशा ओळखायच्या. "गप बस," त्या पुटपुटल्या, "तुझं डोकं फिरलं तर केस इथेच संपेल." मी गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

भांडण कशाचं ते आधी सांगते, कारण चारकोपला आमच्या सेक्टरातल्या बायकासुद्धा मला वर्षानुवर्षं विचारत आल्या, "तू नक्की करतेस तरी काय गं?" फोनवर बातमी वाचायची, सरकारी अर्ज भरायचा, मुलाचा निकाल बघायचा, तर मधे एक खिडकी लागते. तिला ब्राउझर म्हणतात. फोन विकत घेतला की ती खिडकी आधीच बसवलेली असते आणि ती मोठ्या कंपनीची असते. फोन बनवणाऱ्यांना अटच तशी घातलेली. ती काढून टाकता येत नाही. तुम्ही हौसेनं दुसरी बसवलीत तर ऊठसूट सूचना येते की ही नीट चालत नाही, आमची वापरा. माणूस घाबरतो, बोट लावतो आणि परत त्यांच्या दारात. बळी तो कान पिळी. आमचं म्हणणं एवढंच होतं की बाबांनो, घर लोकांचं आहे, तर खिडकी कुठली पाहिजे हे लोकांना एकदा विचारा तरी.

आमचं म्हणजे माझं आणि माझ्या भागीदाराचं. तो मुलुंडचा. अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसायचो, तिथून बाहेर पडून आम्ही दोघांनी एक छोटा ब्राउझर केला. आणि तो केला माझ्या आईमुळे.

वडिलांची गिरणी बंद पडली आणि आम्ही चारकोपला आलो. आईनं पुढच्या खोलीत खानावळ टाकली. मागच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतले कामगार दुपारी जेवायला यायचे. भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, आणि हात धुता धुता, "मावशी, झकास!" खानावळीचा नियम एकच, घरच्यांनी शेवटी बसायचं. गिऱ्हाइकांची पंगत उठल्याशिवाय घरच्या माणसानं ताटाला हात लावायचा नाही. आम्ही पोरं भुकेनं कळवळलो तरी नाही. आई तर आमच्याही मागून. कितीदा असं व्हायचं की तिची पाळी येईपर्यंत पातेल्यात पळी खरवडली तरी शीत निघायचं नाही. मग ती पातेलं मोरीत ठेवायची आणि म्हणायची, "असांदे. माका तशी भूक नाय." आम्हाला ते खरंच वाटायचं. कामानं भूक मरते, असं मी शाळेतल्या मैत्रिणींना सांगायचे.

पुढे काचबिंदूनं तिचे डोळे नेले. सगळे नाही, फोन नाकाशी धरला तर मोठं चित्र ओळखायची. पण अक्षर गेलं. खानावळ बंद झाली त्याचं तिला इतकं वाटलं नाही, जितकं पेपर सुटल्याचं वाटलं. भांडी घासून झाली की पेपर मांडीवर घेऊन शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचणारी बाई ती. कोण वारलं, काय महागलं, कुठल्या धरणात किती पाणी, सगळं तिला माहीत असायचं. आता मी घरी आले की विचारायची, "काय लिवलाहा आज?" आणि मी दमलेली असायचे.

म्हणून आमच्या ब्राउझरात वाचून दाखवणारा आवाज होता. तसे आवाज बाजारात होते, नव्हते असं नाही, पण ते मराठी अशी वाचायचे की पाव्हणा कुणी विलायतेहून आलाय. भागीदारानं त्या आवाजावर जीव टाकला. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, आकडा आला तर माणसासारखा कसा म्हणायचा. चिन्ह काय ठेवायचं यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, पळी. मोठी, पिवळी, आईला दिसेल अशी.

"वेडी आहेस का? ब्राउझरवर पळी? लोक म्हणतील रेसिपीचं ॲप आहे."

"म्हणू देत ना रे. उघडतील तरी."

पळी राहिली. इस्टेटीत गाळा भाड्यानं घेतला, जिथले कामगार एकेकाळी आमच्याकडे जेवायचे त्याच ओळीत. आणि सुरुवातीला माणसं आली हो, खरंच आली. चष्मा विसरणारे आजोबा आले, अंगणवाडीच्या सेविका आल्या. वर्सोव्याची एक कोळीण होती, तिचे हात कायम माशांचे, ओलं बोट फोनला कळायचं नाही. ती नुसतं बोलून विचारायची आणि वारा-पाण्याचा अंदाज ऐकायची. तिनं मला एकदा पापलेट पाठवलं होतं. दहावीच्या निकालाच्या दिवशी एवढी गर्दी झाली की आवाजाचं काम करणारी आमची यंत्रं बसली. मी घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता आईपुढे ओरडले होते, "वाट लागली गं आई! माणसं येतायत आणि जागाच पुरत नाही. वाढली की बंद पडतंय!" आई माझं ताट वाढायला उठली. पण ऐकलं तिनं. ती ऐकलेलं टाकत नाही.

यंत्रांचा प्रश्न आम्ही काही आठवड्यांत सोडवला. ते मात्र तिला सांगायचं राहिलं. कोण सांगतं घरी, आज काय दुरुस्त केलं ते?

मग उतरण लागली. फोनवरच्या ॲपच्या दुकानात आमचं नाव शोधलं तर आम्ही खाली आणि त्यांचा ब्राउझर वर. त्यांची स्वतःची पानं आमच्यात अर्धीमुर्धी उघडायची. सूचनांचा मारा तर होताच. लोक फोन बदलायचे आणि नव्या फोनात आम्ही नसायचो. कुणी आम्हाला ठरवून सोडून गेलं नाही, नुसतं विसरलं. हे जास्त लागतं. शिव्या देऊन गेलेल्या माणसाला परत बोलावता येतं, विसरलेल्याला काय सांगणार?

दिल्लीच्या आयोगाकडे तक्रार केली. बाजारात बलाढ्य झालेल्यानं बाकीच्यांना दाबू नये, हे बघणं आयोगाचं काम. तारखा पडल्या. हुकूम निघाला. त्यावर अपील, अपिलावर स्थगिती, स्थगितीवर पुन्हा सुनावणी. आम्ही गाळ्यातली माणसं एकेक करून कमी केली. शेवटी आम्ही दोघंच उरलो, आणि भागीदार संध्याकाळी दुसरीकडे काम करून आमचं दुकान चालू ठेवायला लागला. त्याचे डोळे खोल गेले होते. मी त्याला म्हटलं, "सोडून दे रे." तर म्हणाला, "तू सोड आधी." दोघांनीही सोडलं नाही, आणि दोघांनाही रात्री झोप नव्हती.

अखेर आयोगानं यादी दिली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं, पण दिली. काही महिने प्रयोग म्हणून प्रत्येक फोनवर एकदा, फक्त एकदाच, पडदाभर यादी यायची होती की तुम्हाला यातला कुठला ब्राउझर हवा? त्यात मोठ्या कंपनीचा, आणखी काही, आणि आमची पिवळी पळी. प्रयोगानंतर आयोग बघणार होता की लोकांना यादी हवी आहे का. हवी असेल तर यादी कायम. नसेल तर बंद, आणि आम्हीही बंद, कारण तेवढाच एक श्वास उरला होता. हे मी आईला सांगितलं, सेक्टरातल्या बायकांना सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. देवळासमोरून जाताना मी न थांबणारी बाई, पण त्या दिवसांत थांबत होते.

त्यातच आईचा जुना फोन, ज्यात मी पळी घालून दिली होती, बादलीत पडला. मी दिल्लीत होते. शेजारीण तिला घेऊन दुकानात गेली आणि नवा घेऊन आली. मी फोनवरूनच सांगितलं, "आई, यादी येईल. पळी दिसेल." म्हणाली, "दिसली, दिसली." मला केवढं बरं वाटलं! वकीलबाईंना मी तिथेच सांगितलं की माझ्या आईलासुद्धा यादी आली.

सुरुवातीचे निकाल वाईट होते. लोकांनी सवयीनं जुन्यावरच बोट ठेवलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "आकडे आपले नाहीत, निदान माणसं आणू. एकाच वस्तीतली साधी माणसं. आम्ही यादी बघितली, पळी निवडली, का निवडली, एवढं प्रतिज्ञापत्रावर सांगतील अशी. आयोगाला दिसू दे, की विचारलं तर लोक निवडतात."

मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "माणसं ना? आमच्या सेक्टरात या. आईचं भजनी मंडळच आहे. सगळ्यांचे फोन मीच तर दुरुस्त करते."

गुरुवारी दुपारी मंडळ आमच्याच पुढच्या खोलीत बसतं, जिथे पूर्वी पंगत बसायची. टाळ खाली ठेवले गेले, चहा झाला. मी सांगितलं, काय हवंय ते. एकीनं पदर सारखा केला. दुसरी कपातला तळ बघायला लागली. शेवटी शेजारीण म्हणाली, "अगं, राग मानू नकोस हां. आम्ही तुझा नाही घेतला."

"कुणीच?"

"कुणीच नाही. तुझ्या आईनंच सांगितलं, घेऊ नका म्हणून."

मी आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर नवा फोन. मी तो उचलला. आत मोठ्या कंपनीचा ब्राउझर.

"आई, हे काय?"

तिला कळलंच नाही की मी का विचारतेय. अगदी शांतपणे, शहाण्या माणसानं समजवावं तसं म्हणाली, "तूच म्हणालंस मा, माणसा वाढली काय ता बंद पडता म्हणान. जागा पुरना नाय. मग भायरच्यांका नको आधी? आपण घरची माणसा, आपण मागसून बसूचा. ह्यांकाय तसाच सांगलंय. म्हटलंय, माझ्या चेडवाचा आसा, भायरची जेवांदेत, मग आपण."

मुलीचं आहे, आधी बाहेरची जेवू देत, या तिच्या म्हणण्यावर बायका माना डोलावत होत्या. त्यांनी खूप मोठं मन केलं होतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझ्यासाठी त्या सगळ्या उपाशी राहिल्या होत्या.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. "खानावळ नाहीय ती! ते संपत नाही गं! जितके जास्त तितकं चांगलं, उलटं असतं तिथे सगळं!" असं बरंच. आणि मग, "तुझ्या त्या पंगतीच्या नियमानं माझी वाट लावलीस." बायका हळूहळू चपला घालून गेल्या. आई एवढंच म्हणाली, "माका खय ठावक." मला कुठे माहीत होतं, म्हणाली, आणि टाळ पिशवीत भरायला लागली.

त्यानंतरचे दिवस वेड्यासारखे गेले. सेटिंगात जाऊन ब्राउझर बदलता येतो, पण यादी एकदाच येते, आणि आयोगापुढे मोजायचं होतं ते यादीतलं निवडणं. शेजारीण एका सकाळी घरी आली. "लिही गं, आम्ही निवडला म्हणून. सगळ्या जणी सही करतो. कोणाला कळतंय?" देवाशप्पथ सांगते, मी कागद काढला होता. भागीदारही म्हणाला, "कर यार, आता काय राहिलंय?" वकीलबाईंना फोन केला तर त्या थंडपणे म्हणाल्या, "कुठल्या फोनवर कुठलं बोट पडलं हे त्या कंपनीला कळतं. या बायकांना शपथेवर खोटं बोलायला लावशील, आणि तो माणूस भर सुनावणीत त्यांची नावं वाचेल. चालेल तुला?" नाही चालणार. मी कागद परत ठेवला आणि कपाटाला डोकं टेकून उभी राहिले. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, कोण आलं होतं, म्हणून. त्या दिवसांत मी तिला हो-नाहीपलीकडे उत्तरच देत नव्हते.

सुनावणी फार चालली नाही. तो वकील उठला, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाला, की तक्रारदारांची मागणी होती लोकांना विचारा, आम्ही विचारलं, लोकांनी सांगितलं. बस्स. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, आमच्या लोकांनी आम्हाला नाकारलं नाही! त्यांनी माया म्हणून मागे सोडलं! पण आयोगापुढे असलं काही सांगायला कुठला रकाना असतो? वकीलबाईंनी माझं मनगट धरलं नव्हतं. त्यांना माहीत होतं, आता मी उठणार नाही.

यादी बंद झाली. भागीदारानं निरोपाचं पान लिहिलं, आणि आमच्याच आवाजानं ते राहिलेल्या लोकांना वाचून दाखवलं. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं बरोबर. कोळणीनं फोन करून विचारलं, आता वाऱ्याचं कोण सांगणार? मी म्हटलं, मोठ्या कंपनीचाही आवाज आहे, तो लावून देते. ती म्हणाली, तो माझं ऐकत नाही. एका दुपारी आम्ही गाळ्यातून यंत्रं बंद केली. भागीदारानं शटर ओढलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलुंडच्या बसला गेला.

मी चालत घरी आले. आई दाराशी खुर्चीवर बसली होती. माझी चप्पल तिला आवाजावरून कळते.

"इलंस? बंद केलंस काय ता?"

"हो."

"म्हणजे सगळी गेली?"

"गेली गं आई. कुणी राहिलं नाही."

तिनं पदराखालचा फोन काढला, पुसला आणि माझ्यापुढे धरला. इतक्या दिवसांची माझी अढी, माझं तुटक बोलणं, त्यातलं काही तिच्या तोंडावर नव्हतं. पंगत उठल्यावर ओट्याशी येऊन उभी राहायची, त्याच चेहऱ्यानं ती बसली होती.

"सगळ्यांचा झाला मा?" ती म्हणाली. "आता माका वाढ."

मी एवढं ओरडून सांगितलं तरी तिला अजून वाटत होतं, बाहेरची माणसं जेवून उठली, आता जागा झाली. इतके महिने ती थांबली होती. कोण वारलं, काय महागलं, धरणात किती पाणी, यातलं काही न ऐकता, माझ्या दिव्याखाली अंधार करून घेऊन ती आपली पाळी यायची वाट बघत होती, आणि मी तिच्याशी धड बोलत नव्हते. मी तो फोन हातात घेतला. घालण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

"आई, संपलं गं," मी म्हटलं. "तुझ्यासाठी काहीच उरलं नाही."

तिनं हात पुढे करून फोन चाचपला, माझ्या हातातून घेतला आणि परत पदराखाली ठेवला.

"असांदे," ती म्हणाली. "माका तशी भूक नाय."

लहानपणी मला हे खरं वाटायचं.